बुडातून कापलेली फुलं

२० ऑक्टोबर

ताई,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे कागदावर. आसारामभाऊ दर पंधरा दिवसांनी ट्रक घेऊन तुमच्या कारखान्याकडे येतात, त्यांच्या हाती देते आहे. वाचायचं नसेल तर चुलीत घाल, पण त्यांना तसं कळू देऊ नकोस. पत्र पोचवणं हे फार मोठं काम आहे असं त्यांना वाटतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक भरत होता तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, तुला दुसरं काही येत नाही म्हणून तू ऊस तोडायला जातेस. डोक्यावरचं गाठोडं खाली न ठेवता तू म्हणालीस, "मला दुसरं काई येत न्हाई म्हणूनच तुजी फी भरली गेली." आणि ट्रक गेला.

आता मी काय करते आहे ते सांगते. आपल्या शेजारच्या छबुकाकूची नदीकडची दहा गुंठे जमीन आहे ना, त्यात आम्ही ग्लॅडिओलस लावला. नाव अवघड आहे, काकू नुसतं 'काडी' म्हणते. लग्नाच्या स्टेजवर दोन्ही बाजूंना उंच दांड्या उभ्या करतात, ज्यांची फुलं खालून वर उमलत जातात, तीच ही. चपट्या कांद्यासारखे कंद असतात. कॉलेजच्या सरांनी मिळवून दिले. फुलं काढल्यावर जुन्या कंदाच्या डोक्यावर जमिनीत नवा कंद तयार होतो, त्याला पिल्लं येतात. ते उकरून ठेवायचे आणि पुढच्या साली तेच लावायचे. पुन्हा विकत आणायला नकोत.

काकूचा नवरा गेल्यापासून ती पुतण्याबरोबर ऊसतोडीला जायची. औंदा त्याचं लग्न झालं, त्याची जोडी जमली. बद्रीनाथ मुकादम काकूला म्हणाला, "आर्ध्या कोयत्याला मी कुटं नेऊ? कोयता म्हंजे दोन माणसं. पोरगी हाय की घरात, तिला हुबी कर." पोरगी म्हणजे स्वप्नाली. यंदा दहावीला आहे.

मी काकूला शब्द दिला. या साली फुलं, पुढच्या साली तुझ्याच जमिनीतले कंद, स्वप्नालीला कोयता धरावा लागणार नाही. काकूनं माझ्याकडे बघून मुकादमाला नाही म्हटलं.

आप्पांचा पाय मोडला आणि तू आईबरोबर अर्धा कोयता म्हणून गेलीस तेव्हा तू पंधराची होतीस. मी लहान होते. मला वाटलं तू कुठेतरी फिरायला चाललीस.

ताई, मला भीती वाटते. गावात हे कुणाला सांगता येत नाही. मी शिकलेली आहे, मला माहीत असणार, असं सगळ्यांना वाटतं.

वर्षा

१२ डिसेंबर

ताई,

आसारामभाऊ म्हणाले, "दिलं." मी विचारलं, ती काही बोलली का? म्हणाले, "मोळी बांधायली व्हती. तोंडात दोरी व्हती." म्हणजे बोलली नाहीस.

काड्या गुडघ्याच्या वर आल्या आहेत. पानं कोयत्याच्या पात्यासारखी, हे सावित्रीबाईंचं म्हणणं. सावित्रीबाई आणि कडूबाई या दोघी मदतीला येतात. वीस-वीस वर्षं उसात गेली, आता वयामुळे टोळी नेत नाही, घरी करमत नाही. बांधावर बसून खुरपतात आणि जगाची मापं काढतात.

या झाडाला दिवसभर ऊन लागतं. कडुनिंबाखालच्या चार ओळी उजेडाकडे माना वाकड्या करून उभ्या होत्या. मी म्हणाले, फांद्या छाटायला हव्यात. कडूबाई म्हणाल्या, "बाई, आमी उनातून पळून सावलीला येतो आन हे येडं सावलीतून उनात पळायलंय. कावून?" मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला लई म्हाईती हाय." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

दर सकाळी मी आधी पानांचे शेंडे बघते. पिवळे पडले तर कंद कुजला. आतापर्यंत सगळे हिरवे आहेत.

स्वप्नाली गणितात पहिली आली. काकूनं गुणपत्रिका उलटी धरून बघितली आणि मला म्हणाली, "हिच्यासाठीच ही काडी."

वर्षा

११ जानेवारी

ताई,

फुलं आली. पांढरी आणि केशरी. पहिली कापणी परवा झाली.

मी त्या दिवशी सकाळीच बीडला गेले होते, मोहनराव म्हणून फुलांचे व्यापारी आहेत त्यांना भेटायला. आदल्या दिवशी काकूला सगळं सांगून ठेवलं होतं. खालच्या दोन कळ्यांनी रंग दाखवला की कापायचं, बाकीच्या बादलीत उमलतात. दुपारी परत आले तर नदीकडच्या अर्ध्या भागातल्या ओळी कापून बांधावर पेंढ्या लावलेल्या. सावित्रीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "बग, कसं झालंय काम." सगळ्या खूप हसत होत्या. कडूबाई म्हणाल्या, मुकादमानं हे काम बघितलं असतं तर शाबासकी दिली असती, जी त्यानं सख्ख्या बापालाही कधी दिली नाही.

संध्याकाळच्या बसनं पेंढ्या बीडला पाठवल्या आणि मोहनरावांचा लगेच फोन आला. इतक्या लांब काड्या बीडच्या बाजारात पाहिल्या नाहीत म्हणाले. गेवराईला कुणाचा तरी सत्कार होता, त्या स्टेजवर गेल्या. स्वप्नालीनं कुणाच्या तरी मोबाइलवर फोटो पाहिला आणि आईला दाखवला. काकू पुढाऱ्याला बोटानं झाकून फुलंच बघत होती.

सगळं छान आहे. वाफे अगदी स्वच्छ दिसतात.

बाकी विशेष नाही.

वर्षा

२ फेब्रुवारी

ताई,

तुझा निरोप मिळाला. आसारामभाऊंनी तुझ्या आवाजात सांगितला. "तिला म्हणावं, येवडं चांगलं झालं तर भ्यायल्यावाणी कावून लिव्हतीस? आक्षर बारीक झालंय."

साडेतीन महिन्यांत तुझं हे पहिलं वाक्य. मी ते आसारामभाऊंकडून तीनदा म्हणवून घेतलं. आता खरं लिहिते.

ग्लॅडिओलसची काडी कापताना खाली चार-पाच पानं ठेवायची असतात. पानं उन्हात राहिली तरच जमिनीतला नवा कंद भरतो. फूल हे वरचं पीक, कंद हे खालचं. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता. पूर्ण गुण मिळाले.

मी काकूला कधी कापायचं ते सांगितलं. कुठून कापायचं ते सांगायचं राहिलं.

त्यांनी त्यांना येतं तसं कापलं. जमिनीलगत, पात्याचा माती घासल्याचा आवाज येईल असं. उसाची गोडी बुडात असते आणि चार बोटं खुंट राहिला तर मुकादम शिव्या देतो, हे तू मला लहानपणी सांगायचीस. वीस वर्षं त्यांचा हात तेच करत आला. काड्या लांब होत्या कारण पानांसकट सगळं झाड मोहनरावांकडे गेलं होतं. बसमधून उतरून बांधावर आले तेव्हा सावित्रीबाई मला अभिमानानं म्हणाल्या होत्या, "एक बुडका ठिवला न्हाई." मागच्या पत्रात हे वाक्य मी गाळलं.

जमिनीवर आता काही नाही. काकू रोज त्या उघड्या मातीला पाणी देते. थोडं थोडं, मी शिकवलं तसं.

मी अजून कुणाला बोललेले नाही. उकरायला दीड महिना आहे. कधीकधी मनात येतं की पुस्तकात लिहिलेलं इथल्या मातीत चुकीचंही ठरेल. कृषी पदवीधर अशी आशा करते, ताई.

वर्षा

१७ फेब्रुवारी

ताई,

बद्रीनाथ मुकादम टोळी तिकडेच ठेवून भाच्याच्या लग्नाला उमापूरला आलाय, हे तुला माहीत असेलच. काल तो काकूच्या दारात आला. मी स्वप्नालीला विज्ञान शिकवत ओट्यावर बसले होते.

"छबुबाई, पुडच्या सालच्या जोड्या आत्ताच बांधायलोय. काय करतीस?"

काकू म्हणाली, "मी न्हाई येणार. माजं पीक खाली वाढायलंय."

तो नदीकडे हात करून म्हणाला, "आत्ताच बगून आलो. तितं तर गवतबी न्हाई."

"तुला दिसंना म्हणून न्हाई व्हय? शिकलेल्या माणसाला दिसतं." आणि मग ती माझ्याकडे वळली. "वर्षे, सांग याला. खाली वाढायलंय ना?"

स्वप्नालीची पेन्सिल थांबली. तिघं माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "हो."

एवढंच, ताई. काकूनं त्याला मग असं काही सुनावलं की शेजारच्या बायका दारात आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यानं ताप असताना तिला उसाच्या फडात उभं केलं होतं तेही काढलं. तो जाताना म्हणाला, आता पाया पडत आलीस तरच नाव घेईन. ती म्हणाली, "वाट बग." आणि आत जाऊन चहा टाकला, माझ्यासाठी जास्त साखरेचा. तो मी प्यायले.

अजून एक आहे. मागच्या पत्रातही मी सगळं सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अर्धाच प्लॉट कापला होता. कडुनिंबाकडच्या ओळी उशिरा फुलल्या. त्या तेव्हा उभ्या होत्या, पानांसकट, आणि पुढचे सहा दिवस थोड्या थोड्या कापल्या गेल्या. मी त्याच संध्याकाळी तोंड उघडलं असतं तर अर्धे कंद वाचले असते. मोहनराव म्हणाले होते, अशाच लांब काड्या पाठवा. बायका खूश होत्या. मी सहा दिवस त्यांच्याबरोबर त्या काड्या मोजल्या, कागदात गुंडाळल्या, बसवर चढवल्या. कुठून कापायचं ते आपण सांगायचं विसरलो हे कुणाला कळू नये, एवढंच त्या दिवसांत मला वाटत होतं. स्वप्नालीचा विचार मी केला नाही. केला असता तर बोलले असते.

सांगायचं विसरले ती चूक होती. हे दुसरं काय आहे ते तू ठरव.

वर्षा

११ मार्च

ताई,

आज भर दुपारी, सगळे घरात असताना, मी एकटी जाऊन तीन ठिकाणी उकरून पाहिलं. चोरासारखी. नदीकडून एक ट्रॅक्टर आला तर मी खाली बसले.

दोन जागी जुना कंद वाळून चामड्यासारखा झालेला, त्यावर नवा सुपारीएवढा. तिसऱ्या जागी कुजलेला. बाजूला पिल्लं, हरभऱ्याच्या दाण्यांसारखी. एवढ्याला पुढच्या साली फूल येत नाही. नुसती पानं येतात. एक साल, कदाचित दोन सालं सांभाळली तर फुलण्याजोगे होतील.

मी ते ओढणीत बांधून घरी आणले आणि ज्वारीच्या कोठीमागे लपवले. आप्पांनी विचारलं, काय गं? मी म्हणाले, लसूण.

सतरा तारखेला स्वप्नालीचा शेवटचा पेपर आहे. तोवर बोलणार नाही. हे कारण खरं आहे, आणि मला ते मिळालं याचा आनंदही झाला, तेही खरं आहे.

वर्षा

२० मार्च

ताई,

काल उकरलं.

आदल्या संध्याकाळी मी सांगायला गेले होते. स्वप्नाली अंगणात मैत्रिणींना गेवराईच्या कॉलेजबद्दल सांगत होती, अकरावीला सायन्सच घेणार म्हणून. मी पाणी पिऊन परत आले.

सकाळी काकूनं मातीला हळदकुंकू वाहिलं. पोती धुऊन, वाळवून आणली होती, सात. तिघी खुरपी घेऊन ओळीनं बसल्या. कडूबाईंनी पहिला कंद काढला, तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर लसनाची पाकळी."

काकू म्हणाली, "पिल्लू आसंल. मोठा खाली आसंल. आजून खांद."

त्यांनी खोल खणलं. तिथे काहीच नव्हतं. पुढची जागा. तिथेही तेवढाच. काकू आणखी खाली गेली, कोपरापर्यंत हात घातला. कंद एवढ्या खाली कधीच नसतो, मला माहीत होतं. ती खणत होती आणि मी बघत होते.

मग मी म्हणाले, "काकू, खणू नकोस. खाली नाहीये."

मी सगळं सांगितलं. पानं, चार-पाच ठेवायची असतात, मी सांगायला विसरले. सावित्रीबाई आपल्या हाताकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे आमीच मारलं." मी म्हणाले, नाही, मी. त्यांना ते पटलं नाही. ताई, त्यांचा चेहरा मला विसरता येणार नाही. आयुष्यात कुणी पहिल्यांदा कामाचं कौतुक केलं होतं, ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

काकूनं एकच विचारलं. "कवा कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. बीडहून आल्यावर."

"तवा लिंबाकडच्या वळी हुभ्या व्हत्या."

"हो."

"आन मी बद्रीनाथला दारातून हाकलला तवा तू वट्यावर व्हतीस."

"हो."

ती ओरडली नाही. तिनं सगळे बारके कंद वेचले, एकही न टाकता. सातातलं एक पोतं अर्धं भरलं. बाकीची सहा घडी घालून डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

वर्षा

२ एप्रिल

ताई,

कारखाना अजून पंधरा दिवस चालेल असं आसारामभाऊ म्हणतात, म्हणून हे पोचेल.

स्वप्नाली रडली नाही. आईनं सांगितल्यावर तिनं दहावीची पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली आणि विचारलं, "बाबांचा शर्ट कुठाय?" साडीवर घालायला, उसाचं पाचट लागू नये म्हणून तुम्ही सगळ्या घालता तसा. ती हे अगदी सहज म्हणाली. तू असंच विचारलं असशील. त्या दिवशी आईनं तुला आप्पांचा शर्ट दिला होता. बाह्या लांब होत्या.

पाडव्याला बद्रीनाथ उमापूरला त्याच्या घरी आला होता. काकू दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाणार होती. तो म्हणाला होता तसं, पाया पडायला. मी तिच्या आधी उमापूरला गेले.

तो चार माणसांत बसला होता. मी म्हणाले, "छबुकाकूच्या कोयत्याला दुसरं माणूस मी आहे."

"तू काय शिकलीस म्हणं?"

"बीएस्सी ॲग्री."

"आन कोयता?"

"येत नाही."

"मग मी लिव्हू काय? आर्धा कोयता, कंसात बीएस्सी?" चौघं हसले. तोही हसला, पण वही काढली. "फडात कुणाला शिकवाया लागलीस तर त्याच गाडीत बसवून वापस धाडीन. आन मोळी डोक्यावर घिऊन ट्रकाला लावल्याली शिडी चढावी लागती, फळी हालती. बग."

मी नाव सांगितलं. लिहिताना त्याचं पेन चाललं नाही, माझंच दिलं.

असं ठरवलं आहे. स्वप्नाली अकरावीला जाईल, आप्पांकडे राहील, सावित्रीबाई सोबतीला येणार आहेत. बारके कंद ऑक्टोबरमध्ये त्याच जागी लावायचे, भर उन्हात. त्यांना फुलं येणार नाहीत, पाणी मात्र द्यावं लागेल. ते स्वप्नाली करेल. पानांना हात लावायचा नाही हे मी तिला सांगितलं आहे, आणि का ते सांगितलं आहे, आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं आहे.

आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, तुझ्या राजनंदिनीताईनं ज्यासाठी हात सोलून घेतले ते तू मातीत घातलंस. तुला वाटलं तर तूही हेच म्हण. पुढच्या साली आपण एकाच टोळीत असू, तेव्हा ब्लॉक करून चालणार नाही.

मला खूप भीती वाटते आहे. फळीची वाटते. बोट तुटेल याची वाटते. तुमच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायची वाटते. सगळ्यात जास्त, तू मला शर्ट घातलेली बघशील त्या दिवसाची. आता घाबरले की लिहून टाकते, लपवत नाही. एवढाच फरक पडला आहे.

काकू बारा दिवस माझ्याशी बोलली नव्हती. काल संध्याकाळी तिनं मला बांधावर बोलावलं. बैलासाठी कडवळ उभं होतं. तिनं कोयता माझ्या हातात दिला, माझी मूठ सोडवून पुन्हा बसवली, आणि म्हणाली, काप. मी कापलं. दोन वीत खुंट राहिला. दुसऱ्यांदा पातं मातीत रुतलं. तिसऱ्यांदा मी तिच्याकडे बघितलं, बरोबर आहे का विचारायला.

"चुकलं," ती म्हणाली. "आन चुकलं की मी लगीच सांगीन. तुज्यावाणी दोन म्हैने गप बसणार न्हाई."

तुझी,
वर्षाराणी